परसदारातला चंद्र आणि लोणाराएवढे विवर

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा चंद्र पाहू नये, पाहिल्यास चोरीचा आळ येतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले असते. स्यमंतक मण्याच्या प्रकरणात साक्षात श्रीकृष्णालाही हा आळ चुकला नाही, तेथे आपली काय कथा! मीही हा दंडक पाळतो. मात्र परसदारी दुर्बीण लावून चंद्रावरच्या विवरांचे फोटो काढण्याचा नाद लागल्यापासून मनाला थोडी हळहळ वाटते, कारण दुर्बिणीतून पाहण्याच्या दृष्टीने चतुर्थीचा चंद्र फार देखणा असतो.

हे जरा उलगडून सांगायला हवे. घरी येणारे आपले बहुतेक सहकारी मला म्हणतात, "सर, पौर्णिमेला बोलवा, पूर्ण चंद्र दाखवा." आता पौर्णिमेला चंद्रावर ऊन पडते ते आपल्या पाठीमागून, अगदी समोरून. सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि दुर्बिणीत दिसते ती नुसती पांढरी-करडी थाळी. भर दुपारी रस्त्यातला खड्डा लांबून लक्षात येत नाही, सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र साधा उंचवटाही डोळ्यांत भरतो, तसेच हे आहे. चंद्रावरचा उजेड आणि अंधार जेथे भेटतात त्या सीमेवर नुकताच सूर्योदय होत असतो. तेथे विवराच्या काठाची लांबलचक सावली तळावर पडते आणि विवर खोल दिसू लागते. गॅलिलिओने १६०९ च्या अखेरीस आपल्या दुर्बिणीतून हीच सीमारेषा पाहिली. अंधाऱ्या भागात सुटे सुटे चमकणारे ठिपके पाहून त्याने ओळखले, की ही डोंगरांची उन्हात आलेली शिखरे आहेत, आणि त्यावरून त्याने डोंगरांची उंचीही काढली. चंद्र गुळगुळीत गोळा आहे ही समजूत त्या सावल्यांनीच मोडली.

ही सीमारेषा रोज साधारण बारा अंश सरकते, म्हणजे प्रत्येक तिथीला चंद्राचा एक नवा पट्टा उजाडतो. गणेशोत्सवाचे दिवस यात फार सोयीचे पडतात. चतुर्थीला पूर्वेकडची लँग्रेनस आणि पेटॅव्हियस ही अजस्र विवरे तिरप्या उन्हात असतात. गौरी येतात त्या सुमारास थिओफिलस आणि त्याचे दोन शेजारी, नवमीला प्लेटो, टायको व क्लेव्हियस, दशमीला कोपर्निकस, आणि अनंत चतुर्दशीला थेट पश्चिम कडेचे ग्रिमाल्डी. गणपती बसल्यापासून विसर्जनापर्यंत चंद्राचा जवळजवळ सगळा चेहरा उजाडून होतो! अडचण एकच, ती म्हणजे भाद्रपदातले आपल्या हैदराबादचे आभाळ. दहापैकी तीन रात्री मिळाल्या तरी मी गणरायाची कृपा समजतो.

चतुर्थीच्या चंद्राची भरपाई मात्र संकष्टीला होते. कृष्ण चतुर्थीला सूर्यास्ताची सीमारेषा बरोबर त्याच भागावर आलेली असते. विवरे तीच, फक्त ऊन पलीकडच्या बाजूने येते आणि सावल्या उलट दिशेला पडतात. माझी आई मूळची मेहकरची, ऐंशी उलटलेली, संकष्टी अजून चुकवत नाही. एका संकष्टीला चंद्रोदय होऊन चंद्र झाडांच्या वर आल्यावर मी तिला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितले. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "यातलं आपल्या लोणाराएवढं कोणतं रे?"

प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी कागद-पेन्सिल घ्यावी लागली. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ती जे पाहत होती ते लँग्रेनस १३० किलोमीटरच्या वर, म्हणजे सत्तरेक लोणार ओळीने मांडावीत एवढे. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. तेवढ्या अंतरावर लोणार ठेवले तर ते एका अंशाच्या ३६०० व्या भागाएवढे, म्हणजे जवळपास एक कोनीय सेकंद भरते. अडीच सेंटिमीटरचे नाणे पाच किलोमीटरवरून पाहावे तसे! माझ्या सहा इंची दुर्बिणीची कागदावरची क्षमता याहून किंचित चांगली आहे, पण मध्ये आपले वातावरण आहे. हवा थरथरत असते आणि एरवीच्या रात्री ती एवढी बारीक गोष्ट पुसूनच टाकते. "त्यातलं लोणाराएवढं दिसत नाही," एवढेच मी आईला सांगू शकलो.

पुढे या विषयावरची पुस्तके जमवली तेव्हा लक्षात आले, की चंद्राच्या फोटोंचा सारा इतिहास आईच्या या प्रश्नाभोवतीच फिरतो. किती बारीक खळगा टिपता येतो? आणि कॅमेऱ्याला जास्त दिसते की डोळ्याला?

फोटोग्राफीचा शोध जगाला कळला तो १८३९ मध्ये, आणि मार्च १८४० मध्ये न्यूयॉर्कमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचे चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटवून दाखवले. त्याला सुमारे वीस मिनिटे लागली आणि चित्र आले जेमतेम एक इंचाचे. दहा वर्षांनी हार्वर्डच्या वेधशाळेतील बाँड यांनी व्हिपल या व्यावसायिक फोटोग्राफरच्या मदतीने पंधरा इंची दुर्बिणीतून बरीच चांगली चित्रे काढली. ती १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात मांडली गेली आणि तेथे ती वॉरन डी ला रू या गृहस्थांच्या पाहण्यात आली.

या माणसाविषयी मला विशेष आपुलकी आहे. ते पोटापाण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ नव्हते. घरचा धंदा छपाईचा होता, पत्ते, पाकिटे, टपाल तिकिटे. १८५० च्या दशकापासून भारताची टपाल तिकिटे याच कंपनीत छापून येत, ती १९२० च्या दशकात आपला नाशिक रोडचा छापखाना सुरू होईपर्यंत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पत्रांवरची ती तिकिटे! तर या डी ला रूंनी लंडनमधील घराजवळ स्वतः घडवलेल्या तेरा इंची आरशाची दुर्बीण उभारली आणि १८५२ च्या अखेरीस ओल्या काचेवर चंद्राचे फोटो घेण्यास सुरुवात केली. ओली काच म्हणजे कलोडियनचा थर दिलेली काच चांदीच्या द्रावणात बुडवून, ती सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. मोठी धांदल. त्यात पृथ्वी फिरत असल्याने चंद्र दुर्बिणीतून सतत सरकत असतो आणि त्याच्या मागे दुर्बीण फिरवणारे घड्याळाचे यंत्र त्यांच्याकडे तेव्हा नव्हते. म्हणून त्यांनी काचेची चौकटच सरकती केली आणि एखाद्या विवरावर नजर ठेवून ती हाताने चंद्रामागे सरकवत राहिले, दहा सेकंद, वीस सेकंद, तीस सेकंद. असे करूनही त्यांना चांगली चित्रे मिळाली, हेच नवल. हे काम इतके जिकिरीचे होते, की त्यांनी ते थांबवले आणि १८५७ मध्ये क्रॅनफर्डला नव्या जागी घड्याळाचे यंत्र बसवूनच पुन्हा हाती घेतले. चंद्र आपल्याकडे एकच बाजू ठेवतो खरा, पण किंचित मान हलवतो. याचा फायदा घेऊन वेगवेगळ्या वेळच्या दोन फोटोंची जोडी त्यांनी अशी लावली, की पाहणाऱ्याला चंद्र चेंडूसारखा गोल दिसावा.

अमेरिकेतही पुढची झेप घेतली ती हौशी मंडळींनी. न्यूयॉर्कच्या लुइस रदरफर्ड यांनी वकिली सोडून घराच्या बागेत वेधशाळा बांधली. त्यांनी एक गोम ओळखली. डोळ्याला पिवळा-हिरवा उजेड जास्त जाणवतो, तर त्या काळच्या काचेला निळा-जांभळा. भिंगातून हे रंग वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र येतात, त्यामुळे डोळ्याला स्पष्ट दिसणारे चित्र काचेवर धूसर उमटायचे. रदरफर्डनी १८६४ मध्ये खास फोटोसाठीच घडवलेले सव्वा अकरा इंची भिंग बसवले, ज्यातून डोळ्याने पाहायला गेले तर काही धड दिसणार नाही! ६ मार्च १८६५ रोजी त्यांनी घेतलेला चंद्राचा फोटो पुढे कितीतरी वर्षे उत्तम म्हणून नावाजला गेला. ज्येष्ठ ड्रेपर यांचे चिरंजीव हेन्री हे पेशाने डॉक्टर. त्यांनीही वडिलांच्या मळ्यावर साडेपंधरा इंची आरशाने १८६३ मध्ये चंद्राचे सुमारे पंधराशे फोटो घेतले. पंधराशे काचा, प्रत्येक हाताने ओली केलेली आणि हाताने धुतलेली.

एवढे होऊनही डोळाच जिंकत होता. दुर्बिणीशी तासन् तास बसणाऱ्याला हवा क्षणभर स्थिर झाली की एकदम बारीक तपशील दिसतो, आणि तो तेवढाच लक्षात ठेवून कागदावर उतरवतो. काच बिचारी निवड करीत नाही. स्थिर क्षण आणि थरथरते क्षण ती एकावर एक साठवते आणि सगळ्याची खीर होते. म्हणूनच वाफेच्या घणाचे जनक जेम्स नॅस्मिथ यांनी जेम्स कार्पेंटर यांच्यासह १८७४ मध्ये चंद्रावर पुस्तक काढले, तेव्हा वेगळीच युक्ती केली. नॅस्मिथ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि वीस इंची दुर्बिणीतून त्यांनी वर्षानुवर्षे चंद्राची चित्रे काढली होती. त्या चित्रांवरून त्यांनी प्लास्टरचे चंद्रभाग तयार केले, ते तिरप्या उन्हात ठेवले आणि त्यांचे फोटो छापले. कोणी याला लबाडी म्हणेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो, कारण आपण काय केले हे त्यांनी लपवले नाही.

डोळा आणि काच यांची खरी परीक्षा व्हायची ती प्लेटो विवरात. प्लेटो शंभर किलोमीटर रुंद, तळ काळसर आणि सपाट. सतराव्या शतकात हेव्हेलियसने, जो डँझिगचा बिअर गाळणारा होता आणि घराच्या छपरावरून आकाश पाहायचा, त्याला 'मोठे काळे तळे' असे नाव दिले होते. या तळावर काही बारीक विवरे आहेत, त्यातली मोठी दोन-अडीच किलोमीटरच्या घरातली. म्हणजे लोणारापेक्षा किंचित मोठी. १८७० च्या सुमारास बर्ट नावाच्या इंग्रज निरीक्षकाने अनेक हौशी लोकांकडून प्लेटोच्या तळावरील ठिपक्यांच्या नोंदी गोळा केल्या. कोणाला किती दिसले यावर वाद झडत. पॅरिसच्या वेधशाळेने १८९६ ते १९१० या काळात चंद्राचा भव्य फोटो-नकाशा प्रसिद्ध केला, तरी अशा बारकाव्यांसाठी निरीक्षकांची पेन्सिल थांबली नाही.

आपल्या हैदराबादेतही परसदारची परंपरा आहे, हे सांगायला हवे. १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी फिसलबंडा येथील आपल्या जागेत पंधरा इंची दुर्बीण मागवून वेधशाळा थाटली. १९०८ मध्ये ती निजाम सरकारच्या ताब्यात गेली आणि पुढे तेथे ताऱ्यांच्या जागतिक नोंदवहीसाठी आकाशाचे पद्धतशीर फोटो घेतले गेले. निजामिया वेधशाळा ती हीच.

आता विवरे झाली कशी, हा प्रश्न. नॅस्मिथसह बहुतेकांचे मत होते, की ते ज्वालामुखी आहेत. आकाशातून दगड आदळले म्हणावे, तर तिरपे आदळलेले खड्डे लांबट हवेत, मग चंद्रावरचे सगळे गोल कसे? याचे उत्तर न्यूझीलंडच्या गिफर्ड यांनी १९२४ मध्ये मांडले. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा दगड जमीन खणत नाही, तो स्फोटच करतो, आणि स्फोटाचा खड्डा गोल होतो. पण फारसे कोणी ऐकले नाही. मग १९४१ मध्ये शिकागोच्या अ‍ॅडलर तारांगणात व्याख्याने देणारे राल्फ बाल्डविन हे तरुण शास्त्रज्ञ तेथील भिंतीवर लावलेले चंद्राचे मोठे फोटो न्याहाळत होते. त्यांना काही लांब चर दिसले. ते सगळे चर मागे वाढवले तर एकाच जागी, इंब्रियम या चंद्रावरील समुद्राच्या मध्याकडे जात होते, जणू तेथे प्रचंड काहीतरी फुटून तुकडे चहूकडे ओरबाडत गेले असावेत. खगोलशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकांनी त्यांचा लेख परत पाठवला. युद्धकाळात त्यांनी बाँबच्या खड्ड्यांची खोली आणि रुंदी अभ्यासली, ती चंद्राच्या विवरांशी ताडून पाहिली आणि १९४९ मध्ये पुस्तक लिहिले. त्यानंतर मात्र मते बदलू लागली. ते फोटो त्या भिंतीवर लटकलेलेच होते, येणारे-जाणारे सगळे पाहत होते!

लोणारचीही कथा अशीच. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली, तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. पुढे दीडशे वर्षे बहुतेक भूशास्त्रज्ञ लोणार ज्वालामुखीजन्यच मानत. आजूबाजूला सगळा काळा बेसाल्ट, तोही ज्वालामुखीचाच, मग दुसरे काय म्हणणार? शाळेच्या सहलीत दैत्यसूदनाचे देऊळ पाहून आम्ही तळ्याकाठी उतरलो होतो. पाण्याचा तो उग्र वास अजून आठवतो. तेथे विष्णूने लवणासुराला मारले, हे गुरुजींनी सांगितले आणि भूगोलाचे म्हणाल तर "ज्वालामुखीचे मुख" एवढेच. तळ्यात खोल वेध घेऊन काढलेल्या नमुन्यांत जबरदस्त धक्क्यानेच बनणारे काचेसारखे खनिज सापडले, आणि १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी लोणार हे आघाताने झालेले विवर असल्याचे जाहीर केले. चंद्रावरचे काळे 'समुद्र'ही बेसाल्टचेच. त्यामुळे अपोलोने आणलेले दगड अभ्यासणाऱ्यांना लोणारचे महत्त्व एकदम वाढले. आईचा प्रश्न वाटला त्याहून अचूक होता, असे मला नंतर वाटले.

डोळा आणि कॅमेरा यांचा झगडा मिटला तो अगदी अलीकडे, आणि पुन्हा हौशी मंडळींच्या हातूनच. फ्राइड या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये गणित मांडले, की अगदी थोड्या वेळाचे पुष्कळ फोटो घेतले तर त्यातले काही नशिबाने स्थिर हवेत सापडतील. २००० नंतर संगणकाला जोडायचे स्वस्त वेबकॅम आले आणि लोकांनी ते दुर्बिणीला लावले. २००२ मध्ये बेरेव्हूट्स या डच गृहस्थाने रेजिस्टॅक्स नावाचा मोफत प्रोग्राम उपलब्ध केला. तो हजारो फ्रेममधून नेटक्या तेवढ्या निवडतो आणि एकावर एक बसवतो. म्हणजे जे काम निरीक्षकाचा डोळा करीत होता, निवडण्याचे, तेच यंत्र करू लागले.

माझी रीत हीच. सहा इंची आरसा मी स्वतः घासला आहे, कार्बोरंडमची पूड, पाणी आणि काही महिन्यांची संध्याकाळ एवढेच भांडवल. दुर्बिणीला फिरवणारे यंत्र नाही. चंद्र सरकत असला तरी प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या शंभराव्या भागाची असल्याने ती हलत नाही, डी ला रूंसारखी चौकट सरकवावी लागत नाही. गच्चीवर दुर्बीण का लावत नाही, असे शेजारचे तेलुगू सद्गृहस्थ विचारतात. स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडतो, चुलीवरून पाहावे तसे चित्र लहरते. परसातली माती आणि हिरवळ लवकर निवते. आरसाही तासभर बाहेर ठेवून निववावा लागतो. पाऊस उघडल्यावरचे आश्विन-कार्तिकाचे दिवस सगळ्यात चांगले.

एका कार्तिक दशमीला हवा विलक्षण शांत होती. प्लेटोवर नेम धरून तीन हजार फ्रेम घेतल्या, त्यातल्या दीडशे ठेवल्या. लॅपटॉपने काम संपवले तेव्हा प्लेटोच्या करड्या तळावर चार खुणा होत्या. तिघी नुसत्या फिकट ठिपक्यांसारख्या, पण मधल्या खुणेत अर्धा भाग उजळ आणि अर्धा काळा होता, म्हणजे तेथे सावली होती आणि ते खरोखरचे विवर होते. अडीच किलोमीटरच्या आसपासचे. छापलेला फोटो आईला दाखवला. तिने भिंग मागून घेतले, मधल्या खुणेवर बोट ठेवले आणि म्हणाली, "हे लोणारापेक्षा मोठं म्हणतोस ना? मग लोणाराएवढं अजून राहिलंच की."

चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी याहून कितीतरी बारीक, मीटरभराचे खडकसुद्धा टिपले आहेत, हे मला ठाऊक आहे. परसदारातून लोणाराएवढे विवर सावलीसकट स्वच्छ हवे असेल तर मोठा आरसा लागेल. दहा इंची जाड काच आणून ठेवली आहे, दिवाळीनंतर घासायला बसणार. घासण्याच्या कामात एका जोडीदाराची गरज असते, आरशाभोवती फेऱ्या घालत हात चालवावा लागतो. मंडळाच्या सभासदांपैकी कोणाला हौस असेल तर रविवारी सकाळी जरूर यावे. चहा मिळेल, जुने कपडे घालून यावे.